ओहोटी लागू दे

माझे भावजी पाण्याला विचारल्याशिवाय पायात चप्पल घालत नाहीत, असं माझी थोरली बहीण उज्वला म्हणते. ती त्यांची बायको आहे, तेव्हा तिला तेवढं म्हणायचा हक्क आहे. मी मेव्हणा. माझा हक्क त्याहून जरा जास्तच, आणि तो मी कधी वाया जाऊ देत नाही.

त्यांचं नाव चंद्रकांत, पण अख्ख्या महाडात ते चंदू म्हणूनच ओळखले जातात. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला आहेत. अंगाने किरकोळ, आवाज मात्र भोंग्यासारखा. राहतात ते सावित्रीच्या बाजूच्या सखल वस्तीत, जिथे दर पावसाळ्यात पाणी दाराशी येऊन डोकावून जातं. पंचवीस जुलैची तारीख आली की त्या वस्तीत अजूनही कोणी गाढ झोपत नाही. दोन हजार पाचला त्याच तारखेच्या महापुरात भावजींची आई, जानकीबाई, खाटेवर उभी राहून गळ्यापर्यंतच्या पाण्यात रात्रभर तुळईला धरून होती. ती वाचली. पण त्या रात्रीनंतर भावजींनी पाण्याचा अभ्यास सुरू केला तो आजवर थांबलेला नाही.

आमच्याकडचा पूर नुसत्या पावसाने येत नाही. वर महाबळेश्वराला धो धो कोसळतं, ते पाणी पोलादपूरवरून महाडात उतरतं, आणि नेमकी त्याच वेळी समुद्राला भरती असली तर खाडी पुढे तोंड मिटून बसते. मग नदीला जायला वाट राहत नाही, ती बाजारपेठेत शिरते. ओहोटी लागली की खाडी तोंड उघडते आणि गाव मोकळं होतं. म्हणून महाडच्या माणसाला भरती म्हणजे वैरी आणि ओहोटी म्हणजे माहेरचं माणूस. भावजी तिथीचा आकडा पाऊणपट करून समुद्रावरच्या भरतीची वेळ काढतात, त्यात महाडपर्यंत पाणी चढायचा वेळ मिळवतात, मग नदीकडच्या बुद्धविहाराच्या पायऱ्या बघून येतात. तिसरी पायरी भिजलेली असली तर गल्लीत आवाज देतात, "सामान वर घ्या रे." आणि लोक घेतात. शिकलेले, न शिकलेले, दुकानदार, मास्तर, सगळे घेतात. कारण हा माणूस कधी चुकलेला नाही.

एकवीसच्या पुरात त्यांनी दासगावला सयाजीला फोन केला होता. सयाजी त्यांच्याच कारखान्यातला, खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातला माणूस. भावजी त्याला म्हणाले, "आजची ओहोटी पाणी घेणार नाय. आईला उचल आणि आत्ताच्या आत्ता वर जा." सयाजी आईला पाठीवर घेऊन उंचावरच्या घरात गेला. सकाळी बघतो तर त्याच्या घराची नुसती कौलं दिसत होती. तेव्हापासून सयाजी भावजींपेक्षा वयाने मोठा असूनही त्यांना भावजीच म्हणतो, आणि ते बोलले की पुढे बोलत नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमा शुक्रवारी आली आणि शनिवार-रविवार जोडून मोकळे मिळाले. सयाजीची बहीण बाणकोटला दिलेली. तिचा नवरा मुरारी समुद्रावर जाणारा, स्वतःची मोठी बोट आणि एक छोटी फायबरची होडी बाळगून असलेला. सयाजी म्हणाला, "चला, बाहेर समुद्रावर गळ टाकू. महिनाभरात मासेमारीला पावसाळी बंदी लागंल, मग नाय जमायचं." मला वाटलं भावजी नाही म्हणतील. सांडलेलं पाणीसुद्धा ते वळसा घालून ओलांडतात. पण ते छाती काढून म्हणाले, "जाऊ या की. पाण्याचं मला काय सांगतोस?"

उज्वलाने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "त्यांना पोहता येतं ते नदीतलं. जॅकेट घालायला लाव." नंतर कळलं की तिने त्यांनाही बाजूला घेऊन सांगितलं होतं, अश्विनला मुळीच पोहता येत नाय, त्याला जॅकेट घालायला लावा. आणि होडीत जॅकेट निघालं एकच.

मी पोलादपूरचा. एसटीत कंडक्टर आहे, आंबेनळी घाटात रोजची फेरी. आम्हा डोंगरातल्या माणसांना पाण्याची नाही, डोंगराची भीती. तळीये गाव दरडीखाली गेलं त्या पावसापासून वरून बारका दगड घरंगळला तरी माझा हात आपोआप बेलच्या दोरीकडे जातो. पण घाटात भीती वाटली तर निदान गाडी थांबवता येते. समुद्रात कुठली बेल मारणार, हा विचार मला बाणकोटच्या धक्क्यावर पहिल्यांदा आला. तेव्हा उशीर झाला होता.

रविवारी मुरारीच्या पुतण्याची हळद होती, म्हणून तो काही आमच्याबरोबर येणार नव्हता. त्याने उजाडताना सयाजीला होडीचं मशीन चालू करून दिलं, पाण्याचा कॅन दिला, आमिषाला कोळंबी दिली आणि बजावलं, "वारा दुपारी उठतो. भरती हाय तवर आत या. पाणी उलटायची वाट बघू नका." आम्ही तिघांनीही ते ऐकलं. मी तर मानसुद्धा हलवली.

सकाळ अशी होती की भीतीलाही लाज वाटावी. खाडीच्या तोंडातून आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाणी ताटात ओतलेल्या तेलासारखं होतं. डाव्या हाताला वेळासचा किनारा, उजवीकडे हरिहरेश्वरचा डोंगर, आणि पुढे काहीच नाही. पुढे काहीच नाही, हेच मला सोसेना. मी जॅकेटचे पट्टे पुन्हा आवळले. जॅकेट माझ्या अंगात कसं आलं, तर भावजींनी ते धक्क्यावर जबरदस्तीने घातलं होतं. मी त्यांना घालायला गेलो तर म्हणाले, "तुझी बहीण मला जिता ठेवायची नाय."

गळाला आधी शिंगाळे लागले, मग ढोमी. भावजी पोरासारखे हरखले. एक हात होडीच्या कडेला घट्ट, दुसऱ्या हातात दोरी. त्यांची कडेवरची बोटं पांढरी पडली होती, पण तोंड चालूच. दर माशाला त्यांनी उज्वलाला फोन लावायचा प्रयत्न केला. सयाजी हसत होता. मी जॅकेटला धरून बसलो होतो, पण हसू येत होतं हेही खरं.

ऊन डोक्यावर आलं आणि वारा उठला. पश्चिमेकडून. आधी नुसता कानाशी, मग पाण्यावर बारीक सुरकुत्या, मग होडी खालून कोणीतरी हळूहळू उचलून ठेवावी तशी. सयाजीने गळ गुंडाळला. म्हणाला, "भावजी, निघू या. मुरारी बोलला भरती हाय तवर."

भावजींनी बोटांवर तिथी मोजली. पौर्णिमा होऊन दोन दिवस, म्हणजे भरती मोठी, आणि ती आता भरायच्या बेतात होती. त्यांनी खाडीकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला पुरातली गल्ली दिसली.

"आता कुठं आत घुसतोस?" ते म्हणाले. "पाणी फुगलंय. भरतीचं पाणी आत ढकलत नेतं आणि कुठंतरी आपटतं. ह्यात घुसायचं म्हंजे पुराच्या पाण्यात घुसण्यासारखं हाय. जरा दम धर. ओहोटी लागू दे. पाणी उतरायला लागलं की सगळं गप होतं."

"पण मुरारी..."

"मुरारीचं घर किनाऱ्यावर हाय, त्याच्या घरात पाणी शिरलंय का कधी? मी कधी चुकलोय का सयाजी?"

सयाजीने वाऱ्याकडे बघितलं, मग भावजींकडे. एका बाजूला मुरारीचा शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला ज्या शब्दाने त्याची आई जिवंत राहिली तो. त्याने मशीनवरचा हात काढून घेतला. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला दोन्हीतलं काही कळत नाही, मला फक्त जमीन पाहिजे. पण गाडी कंडक्टरच्या मतावर चालत नाही, हे मला बावीस वर्षं माहीत आहे.

आम्ही थांबलो. भाकरी खाल्ली. मी खाल्ली नाही. वारा वाढत गेला. दुपार कलली तशी खाडीतून गढूळ पाण्याचा एक पट्टा बाहेर येताना दिसायला लागला, निळ्या पाण्यात मळकट धोतर पसरावं तसा. भावजींचा चेहरा उजळला. म्हणाले, "बघ. लागली ओहोटी. चल आता."

समुद्राच्या बाजूने फुटणारी लाट दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मागून दिसते ती तिची गुळगुळीत पाठ. पुढे ती तोंड फाडून कोसळते ते किनाऱ्यावरून दिसतं. म्हणून खाडीच्या तोंडाशी आम्ही जात होतो तेव्हा आम्हाला सगळं ठीकच दिसत होतं. फक्त आवाज येत होता. घाटात दरड सुटताना आधी जो आवाज येतो ना, जमिनीतून येणारा, तसा. माझा हात हवेत वर गेला, बेलची दोरी शोधत.

त्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा पट्टा आहे. ओहोटीचं पाणी खाडीतून सुसाट बाहेर येतं, वारा आणि लाटा समोरून आत येतात, आणि दोघांची टक्कर त्या पट्ट्यावर होते. पाणी उतरतं म्हणून पट्ट्यावर खोलीही उरत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की होडीचा मागचा भाग एकाएकी वर गेला आणि मला पुढे होडीच्या नाकाखाली वाळूच्या रंगाचा खड्डा दिसला. पाण्यात खड्डा असतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

आम्ही त्या खड्ड्यात घसरलो. मागून लाट आली ती होडीत आली. माशांचा डबा गेला, पाण्याचा कॅन गेला, माझी चप्पल गेली. मशीन खोकलं. होडी लाटांना आडवी झाली. सयाजी ओरडत होता, "बसा, खाली बसा," आणि मी बसलेलाच होतो. दुसरी लाट बाजूने आली. मी बघितलं तर भावजी होडीत नव्हते.

म्हणजे अर्धे होते. कमरेपर्यंत बाहेर, डोकं पाण्यात, पाय आत अडकलेले. मी त्यांचा पट्टा धरला. चामड्याचा जुना पट्टा, बॉयलरवर घालतात तोच. माझ्या अंगात जॅकेट होतं आणि त्यांच्या अंगात नव्हतं, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता, आणि तो विचार इतका भयंकर होता की मी रडत होतो आणि ओढत होतो. उज्वलाला काय सांगू, उज्वलाला काय सांगू, असं मी मोठ्याने बोलत होतो म्हणे. सयाजीने नंतर सांगितलं.

ते आत आले. नाकातोंडातून पाणी, डोळे उघडे, आवाज नाही. ज्या माणसाचा आवाज चार गल्ल्या ऐकू जातो तो नुसता तोंड उघडत होता आणि मिटत होता. दोन लाटांच्या मधे जरा जागा मिळाली तिथे सयाजीने होडी गरकन फिरवली आणि तोंड समुद्राकडे केलं. आम्ही जमिनीला पाठ करून बाहेर निघालो. आयुष्यात मला कधी काही एवढं उलटं वाटलं नव्हतं.

लाटा संपल्या तिथे मशीन बंद पडलं. सयाजीने नांगर टाकला. त्याच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोन होता, तो वाजतच होता. मुरारी हळदीतून धक्क्यावर धावत आला होता आणि सगळं बघत होता. सयाजीने फोन कानापासून लांब धरला तरी आम्हाला ऐकू येत होतं.

"मेल्यांनो, ओहोटीत आत घुसता? अक्कल गहाण टाकलीत काय? काय सांगितलं होतं सकाळी?" मग श्वास घेऊन तो म्हणाला, "तिथंच थांबा. नांगर धरतोय ना? मग हलू नका. भरती लागंस्तोवर आत यायचं नाय. ऐकलंत? भरती लागंस्तोवर."

"भरती लागंस्तोवर?" भावजी म्हणाले. त्यांचा पहिला शब्द तो. त्यांनी तो पुन्हा विचारला, मग तिसऱ्यांदा, हळू. ज्या शब्दाला ते जन्मभर भ्यायले त्याचीच आता वाट बघायची होती.

त्या संध्याकाळबद्दल मी कोणाला फारसं सांगत नाही. समोर जमीन दिसत होती. वेळासच्या बाजूला कोणीतरी गाई हाकत घरी चालला होता. इतकं जवळ. आणि आमच्या मधे ते पाणी पांढरं फुटत होतं, थांबत होतं, पुन्हा फुटत होतं. सयाजी होडीला बांधून ठेवलेल्या एका जुन्या कापलेल्या कॅनने पाणी उपसत होता. मशीन भिजलं होतं, पुन्हा चालू होईल की नाही ते तोच सांगू शकत नव्हता. नांगराची दोरी ताणली की करकरायची. ती तुटली तर काय, असं मी एकदाच विचारलं. सयाजीने दोरीची गाठ पुन्हा आवळली, म्हणून पुन्हा विचारलं नाही. माझी भीती आता भीतीसारखी राहिली नव्हती, थंडीसारखी हाडात जाऊन बसली होती.

आणि मी चिडलो होतो. हेही सांगतो. माझ्या मनात आलं, हा शहाणा माणूस, हा पाण्याचा जाणकार, ह्याने आम्हाला मारलं. तोंडावर आलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते कडेला टेकून बसले होते, आणि ते माझ्याकडे नाही, सयाजीकडे बघत होते.

"सयाजी," ते म्हणाले, "यंदाच्या पावसात मला फोन करू नको."

सयाजी उपसत राहिला.

"कोणालाच सांगणार नाय मी आता. मला कायच कळत नाय पाण्यातलं."

माझा राग तिथेच विझला. मी जॅकेट काढलं आणि त्यांच्या पुढे धरलं. ते म्हणाले, "उज्वलानं तुझ्यासाठी सांगितलंय." मी म्हणालो, "मला तुमच्यासाठी सांगितलंय." ते घेईनात, मी घालीना. शेवटी सयाजी कॅन खाली ठेवून म्हणाला, "घाला रे कोणीतरी. नाय तर मला द्या, मी कोणाचाच लाडका नाय." तेव्हा आम्ही तिघं हसलो. हसताना माझे दात वाजत होते. जॅकेट भावजींनी घातलं.

सूर्य बुडाला. वारा जरा उतरला. मी डोळे मिटून बसलो होतो, कारण उघडले की पाणी दिसायचं. मग भावजी काहीतरी पुटपुटले. मी डोळे उघडले. ते होडीच्या कडेने पाण्यात बघत होते. पाण्यावर फेसाचे बारीक पुंजके तरंगत होते. दुपारपासून ते खाडीतून बाहेर, आमच्या बाजूने समुद्राकडे जात होते. आता ते थबकले होते. थोड्या वेळाने एक पुंजका परत किनाऱ्याकडे निघाला.

त्यांना ते आमच्या आधी दिसलं होतं, हे मला कळलं. पण विहाराची तिसरी पायरी भिजताच गल्ली उठवणारा माणूस गप्प बसला. मग त्यांनी सयाजीला हळूच विचारलं, "तुला काय वाटतं?"

सयाजीने फेसाकडे बघितलं. होडीनेही आता नांगराभोवती तोंड फिरवलं होतं. "लागली," तो म्हणाला.

त्याने मुरारीला फोन लावला. मुरारी म्हणाला अजून दम धरा, पट्ट्यावर पाणी चढू द्या, मी बॅटरी दाखवतो. आम्ही दम धरला. दम धरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. धक्क्यावर उजेड हलायला लागला तेव्हा सयाजीने मशीनची दोरी ओढली. मशीन हललं नाही. पुन्हा ओढली. पुन्हा. मी बाबासाहेबांचं नाव घेतलं, बुद्धाला शरण गेलो आणि आमच्या डेपोतल्या मेकॅनिकचीसुद्धा आठवण काढली. मग ते खोकलं, धूर टाकला आणि चालू झालं.

चांद वर यायला लागला होता. लाटा होत्या, पण लांब, बसक्या. भरतीचं पाणी होडीला मागून ढकलत होतं, गर्दीत एखादा भला माणूस खांद्याला हात लावून पुढे सारतो तसं. तो पट्टा कधी ओलांडला ते मला कळलंच नाही. मी अजून डोळे गच्च मिटून होतो तेव्हा सयाजी म्हणाला, "अश्विन, उतर की आता."

मुरारीच्या सदऱ्यावर हळद होती. त्याने सयाजीला पाठीत एक धपाटा घातला, मला टॉवेल दिला आणि भावजींना हाताला धरून वर घेतलं. शिव्या त्याने फोनवरच संपवल्या होत्या. भावजी धक्क्यावर उभे राहून मागे वळून बघत राहिले. म्हणाले, "म्हंजे आमच्याकडनं उतरलेलं पाणी हिकडं असं येतं?"

"मग दुसरीकडं कुठं जाणार?" मुरारी म्हणाला. "चला, जेवण थंड झालं."

घरी आम्ही तिघांनी मिळून उज्वलाला सांगितलं की मशीन बिघडलं, म्हणून उशीर झाला. तिने भावजींच्या अंगावरचं जॅकेट बघितलं. ते त्यांनी बाणकोटहून महाडपर्यंत काढलंच नव्हतं. तिने ते उतरवून दोरीवर वाळत घातलं.

जून गेला. भावजी पावसाबद्दल बोलेनात. कोणी विचारलं की मोबाइलवर बघा म्हणायचे. गल्लीतले लोक एकमेकांकडे बघायचे. उज्वलाने मला फोन करून विचारलं, ह्यांना काय झालंय? मी म्हणालो, वय झालं.

जुलैच्या शेवटी घाट बंद झाला आणि माझी गाडी महाड डेपोत अडकली. मी बहिणीकडे गेलो. संध्याकाळपर्यंत पाणी रस्त्यावर आलं. वस्ती अजून सामान उचलत नव्हती, सगळे भावजींच्या दाराकडे बघत होते. भावजी खिडकीशी बसून होते, बोटं हलत होती, तिथी मोजत. तोंड बंद.

तेवढ्यात फोन वाजला. सयाजी. मी जवळच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"भावजी, आई हाय घरात. काय करू?"

भावजींची तिथी मोजणारी बोटं थांबली. मला वाटलं, आता म्हणतील मोबाइलवर बघ.

"तू मला विचारतोस?" ते म्हणाले.

"मग कोणाला इचारू?"

भावजींनी डोळे मिटले. "वर जा. आत्ता," ते म्हणाले, आणि खिडकीतून गल्लीत ओरडले, "सामान वर घ्या रे." त्या भोंग्यासारख्या आवाजात. पलीकडच्या घरात कोणीतरी लगेच कपाट सरकवायला लागलं.

रात्री पाणी विहाराच्या सगळ्या पायऱ्या चढलं आणि पहाटे उतरायला लागलं. लोक जिन्यावर आले, खाली चिखल बघून हसायला लागले. उज्वलाने चहा टाकला. "लागली ओहोटी," ती म्हणाली आणि सुटकेचा श्वास सोडला.

भावजींनी चहा घेतला नाही. त्यांनी फोन उचलला आणि बाणकोटला लावला. मुरारीचा झोपेतला आवाज.

"मुरारी, होड्या आत हायत ना सगळ्या?"

"भावजी, बंदी हाय. जूनपासून सगळ्या किनाऱ्यावर पालथ्या पडल्यात."

"एकदा बघून ये."

"पाऊस पडतोय हो."

"माहीत हाय. आमचं पाणी सुटलंय. बघून ये."

पलीकडे काही वेळ नुसता पाऊस ऐकू आला, मग पावलं, मग पुन्हा पाऊस. भावजी फोन कानाला धरून उभे राहिले. उज्वलाने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. मग मुरारी म्हणाला, "हायत भावजी. सगळ्या हायत. बाहेर कोण नाय."

तेव्हा भावजी बसले आणि त्यांनी चहा मागितला.